हाताखालची माणसे

वसंत व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, ते आमच्या वनखात्याचे वणव्याचे दिवस. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम म्हणून ठरलेला आहे, आणि त्या चार महिन्यांत चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलखात्यातील माणसाने रजा मागणे म्हणजे पंगत बसण्याच्या वेळी यजमानाने झोपावयास जाण्यासारखे आहे. नोकरीत असतो तर चालकांचे निमंत्रण आम्हांस स्वीकारताच आले नसते. आता निवृत्त आहोत. वणव्याची बातमी वर्तमानपत्रात वाचावयाची, एवढेच उरले आहे.

'नोकरीतील प्रगती आणि सहकाऱ्यांशी संबंध' असा विषय चालकांनी सुचविला. पत्र वाचून आम्हांस प्रथम हसू आले. अशा विषयावर बोलणारा मनुष्य पुष्कळ वर चढलेला असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमची चढण मध्यम प्रतीची. १९८३ साली वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे लोकांच्या भाषेत रेंजर, म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी विभागीय वनाधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली सहायक वनसंरक्षकाची जागा धरली तर साऱ्या दोन पायऱ्या. तेव्हा वर कसे चढावे हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु या दोन पायऱ्या चढताना आमचा पाय कोणाच्या खांद्यावर पडला, हे आम्हांस नक्की ठाऊक आहे. त्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले.

आपल्या भाषेत कचेरीतल्या माणसांची मांडणी हाताने केलेली आहे. आपल्याहून खालच्या जागेवरचा मनुष्य तो 'हाताखालचा', आणि वरच्याशी जमले तर त्याचा 'डोक्यावर हात'. टेबलाखुर्चीच्या कचेरीत ही मांडणी खपून जाते. जंगलात ती पहिल्याच दिवशी मोडते. पायवाटेने जाताना साहेब पुढे नसतो. पुढे वनमजूर चालतो, त्याच्या मागे वनरक्षक, आणि साहेब तिसरा किंवा चौथा. कोठे पाय टाकावा, कोठे थांबावे, अस्वल ज्या बाजूला आहे ती बाजू सोडून कसे वळावे, हे पहिला मनुष्य ठरवतो. साहेबाने फक्त मागोमाग जावयाचे असते. आमच्या खात्यातली सर्व खरी भांडणे, आणि सर्व खरे स्नेहही, कागदावरचा क्रम आणि वाटेवरचा क्रम यांच्या या उलटेपणातून जन्मतात, असे आमचे मत झाले आहे.

कागदावरचा क्रम प्रथम सांगितला पाहिजे, कारण शहरातील श्रोत्यांना तो माहीत असण्याचे कारण नाही. अगदी तळाला वनमजूर. त्याच्या वर वनरक्षक. त्याच्याकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला नियतक्षेत्र किंवा सर्वांच्या तोंडी बीट म्हणतात. मध्य प्रांताच्या काळापासून आमच्याकडची गावकरी मंडळी वनरक्षकाला 'नाकेदार' म्हणत आली आहेत, आणि आम्हीही येथे तोच शब्द वापरणार आहोत. काही बीटे मिळून एक वर्तुळ, त्याचा वनपाल. काही वर्तुळांचे एक परिक्षेत्र, त्याचा रेंजर. त्याच्या वर सहायक वनसंरक्षक, मग विभागाचा अधिकारी, मग वनसंरक्षक, आणि पुढे नागपूरपर्यंत. शिडी सरळ दिसते. पण तिच्यावर चढावयाच्या जागा निरनिराळ्या आहेत. कोणी स्पर्धा परीक्षा देऊन एकदम मधल्या पायरीवर येतो, कोणी १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय वनसेवेतून त्याहून वर उतरतो. तळापासून चढणारा नाकेदार फार तर वनपाल होतो. त्याच्या वर जाणारे नाकेदार आम्ही हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच पाहिले. म्हणजे जो मनुष्य जंगल सर्वांत अधिक ओळखतो, त्याची बढतीची वाट सर्वांत आखूड.

शासनाला हे कळत नाही असे नव्हे. म्हणून १९९५ च्या सुमारास कालबद्ध पदोन्नतीची योजना निघाली. बारा वर्षे एकाच पदावर काढली की वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यावयाची. पुढे २००१ मध्ये तिचीच आश्वासित प्रगती योजना झाली. गडचिरोलीसारख्या आदिवासी आणि नक्षलग्रस्त मुलखात काम करणारांना २००२ पासून 'एकस्तर' मिळू लागला, म्हणजे तेथे आहात तोपर्यंत एक पायरी वरचा पगार. हे सर्व चांगलेच झाले. मुलांच्या शिक्षणाला त्या पैशाचा किती उपयोग झाला, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. परंतु पगार वाढला तरी बीट तेच, काठी तीच, आणि साहेबापुढे उभे राहण्याची रीतही तीच. पैशाने भूक भागते. 'तुम्हांला काय वाटते?' असे कोणी विचारावे, ही जी भूक असते ती भागत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगावयास आम्हांस फार वर्षे लागली.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही नोकरीत शिरलो, आणि प्रशिक्षण आटोपून दक्षिणेकडच्या एका परिक्षेत्रात रुजू झालो. सागवानाचा उत्तम मुलूख. अंगावर नवा खाकी पोशाख, डोक्यात नवी पुस्तके. पहिल्याच हिवाळ्यात एका कुपाच्या आखणीचे काम आले. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी नेमलेला जंगलाचा तुकडा. त्यातले तोडावयाचे झाड निवडावयाचे, छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजावयाचा, बुंध्यावर क्रमांक घालून हातोड्याचा शिक्का मारावयाचा, आणि घेरावरून किती घनमीटर लाकूड निघेल त्याचा अंदाज नोंदवावयाचा. तोड झाल्यावर ओंडके डेपोत जातात, आणि अंदाज व प्रत्यक्ष यांचा मेळ घातला जातो. मेळ बसला नाही तर पहिला संशय चोरीचा.

त्या बीटचा नाकेदार तेव्हा पंचेचाळिशीचा. शिक्षण जुन्या चौथीपर्यंत. एका डौलदार सागाजवळ आम्ही पोहोचलो. घेर मोठा, खोड सरळ, वर फांद्यांचा पसारा निरोगी. आम्ही आकडा सांगितला. नाकेदाराने वनमजुराच्या हातची कुऱ्हाड घेतली, तिच्या माथ्याने बुंध्यावर दोनदा ठोकले आणि हळूच म्हणाला, "सायेब, हा झाड पोकरा हाये जी."

सागाचे हे असे होते. लहानपणी वणव्याची झळ बुंध्याला लागते, साल करपते, त्या जखमेतून कूज आत शिरते. झाड मरत नाही. जखमेवर नवी साल चढते, बुंधा किंचित फुगतो, वर सर्व हिरवेगार असते. आत मात्र गाभा वर्षानुवर्षे झिजत जाऊन नळी होते. ठोकल्यावर भरीव झाडाचा आवाज तुटक आणि टणक येतो, पोकळाचा भदभदीत. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. कानाने ऐकले नव्हते. आम्हांला दोन्ही आवाज सारखेच वाटले. आणि खरे सांगावयाचे तर बारा माणसांदेखत आमचा आकडा खोडला गेला, याचाच राग अधिक आला. "तुम्ही फक्त क्रमांक घाला," असे आम्ही म्हणालो. त्याने क्रमांक घातला. त्या कुपात त्याने आणखी पाच-सहा झाडांशी कुऱ्हाड वर उचलली आणि न ठोकताच खाली ठेवली, हे आम्ही पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

तोड झाली. पोकळ झाडे पडताना फुटली, लाकूड अंदाजाहून पुष्कळ कमी भरले. वरून विचारणा आली: लाकूड गेले कोठे? त्या विचारणेचे उत्तर आम्ही एका रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिले. त्यात एक वाक्य होते, 'संबंधित वनरक्षकाने वेळीच निदर्शनास आणून न दिल्यामुळे'. हे वाक्य खोटे होते. नोकरी नवी, परिविक्षेचा काळ, घरी म्हातारे आईवडील, ही सर्व कारणे खरी होती आणि वाक्य खोटेच होते. नाकेदाराची एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली आणि सेवापुस्तकात शेरा आला. आम्ही परिविक्षेतून सुखरूप पार पडलो.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल की त्याने वर दाद का मागितली नाही. मागितली असती तर ती आमच्याच मार्फत वर गेली असती. 'योग्य मार्गाने' या शब्दांचा अर्थ खात्यात असा असतो. त्या काळी वार्षिक शेराही गोपनीय असे. अहवालात वरिष्ठाने काय लिहिले ते प्रतिकूल असेल तरच कळवावयाचे, आणि 'साधारण' हा शब्द प्रतिकूल धरला जात नसे. किती जणांच्या बढत्या या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाने खाल्ल्या असतील! २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, नोकराला कळविला पाहिजे असा निर्णय दिला. आम्ही त्या वेळी शेरे लिहिणाऱ्यांच्या बाजूला होतो. कचेरीत पुष्कळ कुरकुर झाली: आता खरे कोण लिहील, संबंध बिघडतील, वगैरे. वास्तविक जे तोंडावर सांगता येत नव्हते तेच बंद पाकिटात घातले जात होते, आणि संबंध बिघडावयाचे ते तेथेच बिघडत होते.

नाकेदार आमच्याशी त्यानंतरही वाईट वागला नाही. हीच गोष्ट आम्हांस अधिक जड गेली. तो पूर्वीप्रमाणे सलाम करी, पुढे चाले, वाटेतला काटा बाजूला धरी. फक्त त्याने आपण होऊन काही सांगणे बंद केले. ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात त्याने हे ओळखावयास शिकले पाहिजे. शिस्त उत्तम चालली आहे, कोणी उलटून बोलत नाही, विचारले तेवढेच उत्तर मिळते, असे ज्या दिवशी दिसू लागते, त्या दिवशी आपल्याला बातम्या मिळणे थांबलेले असते. आम्हांस हे दुसऱ्या उन्हाळ्यात समजले.

मार्च-एप्रिलात मोहफुले गळतात. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली वेचावयास जातात. खाली वाळलेला पाचोळा असतो, त्यात फुले दिसत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी तो पेटवून जागा स्वच्छ करतात. वारा आला की ती आग जंगलात शिरते. तेंदूचेही तसेच आहे. जाळले की नवा फुटवा चांगला येतो, ही समजूत जुनी. आमच्या परिक्षेत्रात त्या वर्षी आग लागली की आम्ही गुन्हे नोंदवीत गेलो. आमच्या गुन्ह्यांचे आकडे विभागात वरच्या क्रमांकाला होते, आणि जंगलही तितक्याच जोराने जळत होते. त्याच नाकेदाराच्या बीटात मात्र गुन्हे जवळजवळ नाहीत आणि आगीही थोड्या. हा मनुष्य आगी दडवीत असावा, असा आम्हांस प्रथम संशय आला. एके दिवशी न सांगता आम्ही तेथे गेलो. मोहाच्या झाडाखाली गावच्या बायका खराट्याने पाचोळा झाडून ढीग करीत होत्या आणि नाकेदार त्यांच्यात उकिडवा बसून गप्पा मारीत होता. फुले गळू लागण्यापूर्वी तो घरोघर फिरे. कोणाचे मोह कोणते हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, ते त्याला पाठ होते. ज्या म्हातारीला झाडणे जमत नसे तिच्या मोहाखाली तो वनमजुराला लावी, आणि जाळावयाचेच झाले तर भोवती झाडून रेघ काढून, स्वतः उभे राहून जाळून घेई. यातले काहीही कोणत्याही नोंदवहीत बसत नव्हते. वरच्या कचेरीने आमच्याकडून मागितलेला खुलासा असा होता की या बीटात गुन्हे इतके कमी का?

त्या खुलाशात आम्ही त्याचे नाव चांगल्या अर्थाने लिहिले. उशिरा का होईना, लिहिले. पण चांगले लिहिलेले पान सेवापुस्तकाला चिकटत नाही.

अशा माणसांकडून शिकून मोठा झालेला अधिकारी कसा असतो, याचे उदाहरण विदर्भाने पाहिले आहे. मारुती चितमपल्ली सोलापुरात १९३२ साली जन्मले, कोइमतूरला वनशास्त्र शिकले, आणि वनखात्यात सुमारे छत्तीस वर्षे काढून १९९० मध्ये निवृत्त झाले. नवेगावबांधला त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. जंगलाची आणि पाखरांची पारख असलेला हा पाटील खात्याच्या कोणत्याही शिडीवर नव्हता. रानात वावरणाऱ्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे, झाडांची नावे, चितमपल्ली टिपून घेत गेले. त्यातून 'पक्षी जाय दिगंतरा' झाले, पुढे कोश झाले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. ते कोणत्या पदावरून निवृत्त झाले, हे येथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? आम्ही स्वतःची तुलना त्यांच्याशी करीत नाही. आमच्याही पुढे एक मनुष्य कुऱ्हाडीचा माथा बुंध्यावर ठोकून काही सांगत होता, आणि आम्ही त्याला क्रमांक घालावयास सांगितले, एवढाच फरक आम्ही दाखवीत आहोत.

गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, असा समज सरकारी नोकरांत अजून आहे. बदलीचा हुकूम आला की लोक सांत्वनाला येतात. आमचा अनुभव असा की जो शिक्षा म्हणून येतो तो तीन वर्षे दिवस मोजतो आणि त्याच्या हाताखालची माणसेही तेच दिवस मोजतात. भाषेचा प्रश्न तर आहेच. भामरागडकडे माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालातून येऊन वसलेल्यांची बंगाली, आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. पुण्या-मुंबईची मराठी घेऊन आलेला साहेब चार दिवस चाचपडतो. आम्ही माडिया कधी नीट शिकलो नाही, ही आमच्या नोकरीतली दुसरी चूक. 'जोहार' म्हणता आले की आपल्याला भाषा आली, असे आम्हांस वाटत असे.

झाडीपट्टीची नाटके हा मात्र आमच्या आनंदाचा विषय. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. वडशाच्या नाट्यमंडळ्यांचा तो धंदाच आहे, पण गावकरी हौसेनेही उभे राहतात. एका गावी आम्हांस पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसविले होते. पडदा वर गेला तो सिंहासनावर आमच्याच एका वर्तुळाचा वनपाल, राजाच्या वेषात. दिवसा जो आमच्यापुढे शब्द गिळी, त्याचा आवाज शेवटच्या बैलगाडीपर्यंत स्वच्छ पोहोचत होता. प्रधानाने हिशेबात घोळ केला तेव्हा त्याने जी कानउघाडणी केली, तीत काही वाक्ये आम्हांस ओळखीची वाटली. गाव आमच्याकडे पाहून हसत होते. दुसऱ्या दिवशी तो घाबरत घाबरत कचेरीत आला. आम्ही त्याला चहा दिला आणि हिशेबाची वही पुढे ठेवून म्हटले, महाराज, आता प्रधानाला सोडवा. त्यानंतर आमच्या परिक्षेत्राचे हिशेब आम्हांस कधी रात्री जागून पाहावे लागले नाहीत. मनुष्य कचेरीबाहेर कोण आहे हे एकदा पाहून घेतले म्हणजे कचेरीतले पुष्कळ काम सोपे होते.

नोकरीच्या उत्तरार्धात दोन मोठे पालट झाले. पहिला, स्त्रिया नाकेदार म्हणून येऊ लागल्या. तीस टक्के जागा राखीव झाल्या, पण त्यांच्यासाठी चौकीत न्हाणीघर असावे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आमच्याच अखत्यारीतल्या एका चौकीत ते बांधावयास चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत तेथल्या मुलीने एकदाही तक्रार केली नाही, आणि आम्ही, पूर्वीची गोष्ट विसरून, सर्व उत्तम चालले आहे असे समजलो. आज चंद्रपूर जिल्ह्यात वाघ पुष्कळ झाले आहेत आणि माणसांवरचे हल्लेही. गावात कोणी दगावला की चिडलेल्या जमावापुढे पहिली उभी राहते ती हीच नाकेदार मुलगी. साहेबाची गाडी मागाहून येते. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात, देशव्यापी व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी खुणा शोधीत असताना, एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. तिच्याबरोबर होते ते वनमजूर. आम्ही निवृत्त होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. बातमी वाचून आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो, की आमच्या हाताखाली जे होते त्यांना आम्ही किती वेळा असेच पुढे धाडले, आणि मागून गाडीने गेलो.

दुसरा पालट हक्कांचा. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामी सर्वज्ञात आहेत. तरी बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि परवान्याचे पुस्तक आमच्या खात्याच्या कपाटात. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवशी खात्यातील पुष्कळांना घरातला दागिना गेल्यासारखे वाटले. आम्हांसही वाटले, लपविण्यात अर्थ नाही. ज्यांना आजवर 'आरोपी' म्हणून खुर्चीसमोर उभे केले, त्यांच्याकडे आता 'यावर्षी तोड किती करणार?' असे विचारावयास जावयाचे. काही नाकेदारांना मात्र यात काहीच नवे वाटले नाही. ते पूर्वीपासून मोहाखाली बसूनच बोलत होते.

जाणकारी आणि पदवी यांची फारकत केवळ आमच्याच खात्यात आहे असे नव्हे. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या गावच्याच बायांना नवजात बाळाची घरी तपासणी आणि उपचार करावयास शिकविले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली जो निबंध आला त्याप्रमाणे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. इंजेक्शन डॉक्टरच्याच हाती शोभते, असे तोवर बहुतेक डॉक्टरांचे मत होते. आमच्या हातोड्याविषयी आमचेही तसेच मत होते.

त्या नाकेदाराचे शेवटी काय झाले, ते सांगावयाचे राहिले. बढतीच्या यादीत त्याचे नाव आले तेव्हा तो शेरा आड आला. पुढच्या यादीपर्यंत त्याचे वय झाले. १९९६ साली तो नाकेदार म्हणूनच निवृत्त झाला. दहा वर्षांनी, विभागाचा अधिकारी म्हणून त्या बाजूला दौरा निघाला असता, आम्ही त्याच्या गावी गेलो. चालकाला दूर थांबविले. तो ओसरीवर दोरी वळीत बसला होता. उठू लागला, आम्ही बसविले आणि शेजारी बसलो. ते वाक्य आम्ही लिहिले होते, आणि ते खोटे होते, असे आम्ही त्याला सांगितले.

"तवाच मालूम होता जी," तो म्हणाला. "बाबूनं वाचून दाखवला होता."

म्हणजे बावीस वर्षे त्याला ठाऊक होते. ज्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्यावर संशय घेऊन न सांगता मोहाखाली गेलो, तेव्हाही ठाऊक होते. आम्ही काही बोलणार, तोच त्याने सुनेला चहा ठेवावयास सांगितले आणि आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. निवृत्तिवेतनाच्या पुस्तकात त्याच्या वडिलांचे नाव एका प्रकारे लिहिले होते, बँकेत दुसऱ्या प्रकारे, आणि बँकेचा मनुष्य दर वेळी अडवीत होता. आम्ही कागद पाहिले, तेथेच ओसरीवर अर्ज लिहिला, त्याला वाचून दाखविला, आणि त्याने सांगितलेली एक दुरुस्ती करून मग सही घेतली. पुढच्या महिन्यात काम झाल्याचे त्याच्या मुलाने फोन करून कळविले.